वाडग्याखालचा अर्धा तुकडा

माझे काम वजनांचे वजन करण्याचे आहे. दुकानातले, कारखान्यातले, दवाखान्यातले काटे खरे बोलतात की नाही, हे ठरवणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. तिथल्या एका बंद खोलीत काचेच्या घुमटाखाली प्रमाण वजने ठेवलेली असतात. त्यांना उघड्या हाताने शिवायचे नसते, कारण बोटाच्या ठशालाही वजन असते. या कामात मुरलेल्या माणसाला एक सवय जडते. आकडा विचित्र आला की तो आधी काट्यावर संशय घेतो, वस्तूवर नाही. सवय चांगलीच आहे. तिच्यापायी माझ्या बहिणीचा एक महिना वाया गेला.

बहिणीला सगळे चिमणी म्हणतात. जन्मली तेव्हा ती मावशीच्या दोन तळव्यांत मावली होती, आणि ते नाव मावशीनेच ठेवले. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. माझ्या जन्माच्या वेळी मावशीला दोन्ही हात आणि मांडी लागली होती, आणि मला तिने ठेवलेले नाव भोपळ्या. प्रयोगशाळेत आता मला साहेब म्हणतात. आकारात फारसा फरक पडलेला नाही. चिमणीला धड चालता येत नव्हते तेव्हाच आई गेली. पुढे आम्हा दोघांना मावशीने वाढवले.

चिमणी पुस्तकांची मुद्रिते तपासते. तिचा नवरा मालवाहू बोटीवर इंजिनिअर असतो आणि महिनोन्महिने पाण्यावर असतो. म्हणून बाळंतपणासाठी पाचव्या महिन्यातच ती माझ्याकडे राहायला आली. माझे घर दोन खोल्यांचे, खाली चाव्या बनवणाऱ्याचे दुकान. दिवसभर त्याचे यंत्र थांबून थांबून किंचाळत असते. सवय झाली की ऐकू येत नाही. चिमणी पुढच्या खोलीत खिडकीपाशी कागद पसरून बसायची आणि तांबड्या पेनाने लोकांच्या चुका काढायची. घरात चुका काढणारी आता दोन माणसे झाली होती.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा तिच्याबरोबर गेलो, त्या दिवशी सिस्टरने तिला काट्यावर उभे केले, आकडा पाहिला आणि मान हलवली.

"ताई, मागच्या वेळेइतकंच. काही खाता की नाही?"

"खाते की," चिमणी म्हणाली.

"मग जातं कुठं?"

मी काट्याकडे पाहिले. भिंतीला टेकवलेला होता, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मी डॉक्टरांना माझा हुद्दा सांगितला आणि परवानगी मागितली. दुसऱ्या दिवशी प्रमाण वजने घेऊन गेलो. काटा किलोभर कमी दाखवत होता. मी तो सरळ केला, दुरुस्त केला, त्यावर तपासणीची चिठ्ठी लावली आणि विजयी वीरासारखा घरी आलो.

"चिमणे, तुझं वजन वाढलंय. काटाच खोटा होता."

"खरंच?"

"किलोभराने."

तिने मिठी मारली. संध्याकाळी आम्ही केक आणला. बोटीवरून तिच्या नवऱ्याचा फोन आला, त्यालाही मीच सांगितले. तो म्हणाला, दादा, घरात शास्त्रज्ञ असला की किती बरं असतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला समोर बसवले. पन्नाशीच्या, बारीक फ्रेमचा चष्मा लावणाऱ्या बाई. आवाज कधी चढत नसे.

"काटा किलोभर कमी दाखवत होता, असं तुम्ही म्हणालात."

"हो."

"मागच्या महिन्यात?"

"हो."

"आणि त्याच्या आधीच्या महिन्यात?"

मी मनात वजाबाकी मांडली. काटा सगळेच महिने कमी दाखवत असणार. दोन्ही आकड्यांत चूक तीच असेल, तर वजाबाकीत ती उडून जाते; फरक तसाच राहतो. हे मी नवशिक्यांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. चिमणीचे वजन एक गुंजही वाढले नव्हते.

"तुम्ही भाऊ आहात," डॉक्टर म्हणाल्या, "म्हणून झालं. सोडून द्या. पण आता काट्याकडे नाही, हिच्याकडे बघायचं."

मग त्यांनी जे सांगितले, ते मी त्यांनी सांगितले तसेच देतो, कारण या विषयात सांगोवांगीच्या गोष्टी फार आहेत. आईचे वजन बेताबेताने वाढावे लागते. फारच कमी वाढले तर बाळ लहान राहण्याची शक्यता वाढते, आणि लहान राहिलेल्या बाळाला पुढे रक्तदाब, साखर, हृदय यांचा त्रास होण्याची शक्यताही. फारच जास्त वाढले तर बाळ मोठे होते, बाळंतपण अवघड जाते, आणि त्या बाळाच्या मागेही पुढे वजन आणि साखर लागू शकते. शक्यता, त्या पुन्हा म्हणाल्या, शाप नव्हे. आणि कुणाच्या आईला दोष द्यायला तर नव्हेच.

"हिला या वयात रक्तदाबाची गोळी कशाला लागते, हे मी विचारलं होतं. ही म्हणाली, जन्मतः अशक्त होते. तुम्हाला काही आहे?"

"साखर."

"जन्माच्या वेळी वजन?"

"भरपूर."

त्यांनी चष्म्यावरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "एकाला जास्तीचं मिळालं, एकीला कमी. औषधाच्या दुकानात मात्र एकाच रांगेत."

चिमणी हसली. मलाही हसू आले, पण पूर्ण आले नाही.

*

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे बघायचे ठरवले. दुपारी जेवायला सूप, उकडलेली अंडी, बटाटे आणि पाव होता. चिमणीने पावाचा जाड तुकडा घेतला, त्याचे दोन भाग केले. एक खाल्ला. दुसरा बशीत ठेवला, त्यावर वाडगा पालथा घातला आणि वाडग्याच्या बुडावर नखाने दोनदा टकटक केले.

माझ्या हातातला चमचा खाली गेला.

आईच्या मोजक्या आठवणी माझ्याजवळ आहेत. त्यांतली एक अशी: मी टेबलाखाली बसलो आहे, वरून आईचे पोट दिसते आहे, आणि डोक्यावर चिनी मातीच्या वाडग्यावर नखाची दोनदा टकटक होते. मग आई म्हणते, नंतर खाईन. हे मी कधी कुणाला सांगितलेले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही नव्हतेच.

"झाकून का ठेवलंस?" मी विचारले.

"पोट भरलं रे. नंतर खाईन."

"ते टकटक काय?"

"कसलं टकटक?"

"आत्ता केलंस ते. वाडग्यावर."

तिने स्वतःच्या बोटाकडे पाहिले. "केलं का मी? काय माहीत. दादा, तू जेव की, तुझं सूप गार होतंय."

माझे पहिले स्पष्टीकरण सोपे होते. आईचे पाहून ही सवय मला लागली असणार, आणि माझे पाहून तिला. मुले माणसांच्या चाली आणि लकबी उचलतात. त्यासाठी भुताची गरज लागत नाही. खात्री करून घ्यायला मी नदीपलीकडे मावशीकडे गेलो. ती खुर्चीत बसून गुडघ्यांना तेल चोळत होती.

"मावशी, लहानपणी मी अर्धं खाणं झाकून ठेवायचो का गं?"

"तू?" तिने चोळणे थांबवले. "भोपळ्या, तू कधी ताटात काही ठेवलंस का? शेजारच्याचंसुद्धा?"

"मग चिमणी कुणाचं पाहून झाकते?"

मावशीचा हसरा चेहरा हळूहळू उतरला. "काय झाकते?"

मी सांगितले. वाडगा, अर्धा तुकडा, नखाने दोनदा. तिने तेलाचा हात पदराला पुसला.

"तुझ्या वेळी," ती म्हणाली, "सगळ्यांनी तुझ्या आईला दोघांचं खा म्हणून भरवलं. तीही खायची. तू झालास हा एवढा. दोन दिवस अडली होती, बाबा. आम्ही आशा सोडली होती. मग चिमणीच्या वेळी तिनं मनाशी धरलं की बाळ लहानच ठेवायचं. लहान असलं की सुटका पटकन होते. डॉक्टर ओरडायचे, मी ओरडायची. ऐकेल तर शपथ. काहीही दिलं की मोडून अर्धं करायची नि अर्धं झाकून ठेवायची. म्हणायची, बाळ झाल्यावर खाईन."

"मग खाल्लं?"

"तेव्हा भूकच राहिली नव्हती. बाळंतपणानंतर सावरलीच नाही ती. अन्नावरची वासनाच गेली." मावशीने तेलाची बाटली बंद केली. "हे चिमणीला मी कधी सांगितलं नाही. कशाला सांगायचं? आणि तिनं हे बघितलं कुठून? पोटात होती तेव्हा."

पोटात होती तेव्हा. मी परतताना त्या वाक्याचा शास्त्रीय अर्थ लावत होतो. गर्भाला आईच्या पोषणाचा अंदाज लागतो, शरीर त्याप्रमाणे स्वतःला बेतते, आणि तो बेत जन्मभर सुटत नाही. इथवर ठीक आहे. पण शरीर काटकसर शिकू शकते. वाडगा पालथा घालायला शिकू शकत नाही.

*

झाकलेला तुकडा चिमणी कधीच खात नसे. संध्याकाळी मीच तो फेकून देई. एकदा फेकताना हाताला काहीतरी चुकीचे लागले. माझ्या हाताला वजन कळते; त्या हातावरच माझे पोट चालते. तुकडा दिसायला जसाच्या तसा होता. कडा शाबूत, कुठे चावल्याची खूण नाही, बशीत चुरा नाही. तो हलका होता.

पाव सुकतो. उघड्यावर जास्त, झाकलेला कमी. किती, हे मोजता येते, म्हणून मी रजा टाकली आणि मोजले. एकाच पावाचे सारखे दोन तुकडे, सारखे दोन वाडगे, एकच टेबल. एक तुकडा चिमणीने झाकलेला, एक मी. माझा सुकायला हवा तेवढाच सुकला. तिचा तिसरा हिस्सा तरी कमी भरला. मी वाडग्यांची अदलाबदल केली, जागांची केली, खिडकी बंद केली. दर वेळी तिचाच तुकडा हलका. एके दिवशी कुठूनशा मुंग्या आल्या. माझ्या तुकड्याला त्या भरभरून लागल्या. तिच्या बशीच्या कडेपर्यंत गेल्या आणि वळल्या.

त्या संध्याकाळी मी तिच्या तुकड्याचा एक घास खाल्ला. चव वाईट नव्हती. चवच नव्हती. दातांखाली पाव असल्याचे कळत होते, गिळल्यावर काही गिळल्याचे कळत नव्हते. लहानपणी मावशी कुणाचे उष्टे खाऊ देत नसे. उष्ट्याला काही ओळखीची खूण असते असे मला कधी वाटले नव्हते. त्या घासाला ती होती; तो कुणीतरी आधीच खाल्लेला होता.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी बशीखाली स्वयंपाकघरातला काटा ठेवला. तो मी स्वतः प्रमाण वजनाने तपासलेला होता.

"हे काय आता?" चिमणीने विचारले.

"प्रयोग."

"माझ्यावर?"

"पावावर."

"मग ठीक आहे. पाव काही तक्रार करणार नाही." तिने अर्धा झाकला, टकटक केले आणि पुढच्या खोलीत कागदांकडे गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पानांचा.

मी समोर बसलो. भर दुपार होती, टेबलावर ऊन होते. खाली यंत्र किंचाळायचे आणि थांबायचे. काट्यावरचा आकडा स्थिर होता. मग तो उतरला.

सुकणारा पाव सरळ रेषेत हलका होतो, इतका सावकाश की डोळ्याला दिसत नाही. हा तसा उतरत नव्हता. थोडासा उतरे आणि थांबे. पुन्हा थोडासा उतरे आणि थांबे. मधल्या थांबण्याला साधारण सारखाच वेळ लागत होता. कशाला इतका वेळ लागतो, हे मी आठवू लागलो, आणि माझ्या नकळत माझा जबडा हलू लागल्यावर मला उत्तर मिळाले. घास चावायला.

मी वाडगा उचलला. खाली पावाचा अर्धा तुकडा होता, आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. वाडगा पुन्हा ठेवला. काही वेळ आकडा हलला नाही, जसे कुणी दचकून थांबावे. मग पुन्हा उतरू लागला.

पुढच्या खोलीतून चिमणी म्हणाली, "दादा, मला ना सारखी भूक लागल्यासारखं वाटतं. आणि खायला बसलं की अर्ध्यावर पोट भरतं. असं असतं का रे?"

"डॉक्टरांना विचारू," मी म्हणालो.

*

आता मी जे केले ते कुठलाही समजदार माणूस करील. घरातले सगळे वाडगे बांधून माळ्यावर टाकले. जेवताना चिमणीसमोर बसलो आणि सांगितले, सगळं संपवायचं.

पहिल्या दिवशी तिने पाव मोडला, अर्धा खाल्ला, वाडगा शोधला. मिळाला नाही. मग तिने उरलेल्या तुकड्यावर आपला तळवा पालथा धरला आणि तशीच बसून राहिली. मी बोलत होतो, ती उत्तरे देत होती, थट्टाही करत होती. हात मात्र तिथून हलला नाही. कपांतले सूप गार झाले.

"चिमणे, हात उचल."

"उचलते की," ती म्हणाली, आणि उचलला नाही. शेवटी मी तो मनगटाला धरून बाजूला केला. तळवा बर्फासारखा गार होता.

तो तुकडा मी तिला भरवला. त्यापुढे रोज समोर बसून सगळे खाऊ घातले. पंधरवड्यानंतर दुरुस्त काट्यावर ती उभी राहिली, आणि वजन घटले होते.

डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली. "बाळ मागं पडायला लागलंय," त्या म्हणाल्या. "आणखी दोन आठवडे बघू. नाही वाढलं तर दाखल करून घेईन, आणि मग कदाचित वेळेआधी बाहेर काढावं लागेल. खरं सांगा, खाते का ही?"

"माझ्यासमोर. सगळं."

"मग जातं कुठं?" सिस्टरने पूर्वी विचारले होते तेच. या वेळी मला ते ठाऊक होते. बशीत वाटा ठेवला जात होता तोवर तो बशीतून घेतला जात होता. मी बशी काढून घेतली, तर तो चिमणीतून घेतला जाऊ लागला.

रिक्षात चिमणी पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. थट्टा संपली होती. "दादा, हे पण माझ्यासारखंच होणार का? एवढंसं? जन्मभर गोळ्या?"

"नाही."

"कशावरून म्हणतोस?"

कशावरून हा प्रश्न मी आयुष्यभर इतरांना विचारत आलो आहे. "म्हणून म्हणतो," मी म्हणालो.

घरी आल्यावर माळ्यावरचे वाडगे खाली काढले. दुपारी चिमणी झोपली होती, तेव्हा मी एक पूर्ण ताट वाढले. पाव, दोन अंडी, बटाटे, लोणी. ते काट्यावर ठेवले, वर मोठे पातेले पालथे घातले आणि नखाने दोनदा टकटक केले. मग मोकळ्या स्वयंपाकघरात, भर उजेडात, एक शास्त्रज्ञ म्हणाला, "आई, हे तुझं. पोटभर खा. तिच्यातलं घेऊ नकोस."

कान गरम झाले. इकडेतिकडे पाहिले. मग माझे जेवण वाढून घेतले, नेहमीसारखे भरपूर, आणि खात खात आकड्याकडे पाहत बसलो. आकडा हलला नाही. संध्याकाळपर्यंत हलला नाही. अंडी बिचारी वाळून गेली.

प्रयोग फसला की तो का फसला हे पाहायचे असते. चिमणीच्या तुकड्यात होते आणि या ताटात नव्हते, असे काय? अन्न तेच. टकटक तीच. फरक एकच होता. चिमणीचा तुकडा कमी पडत असलेल्या माणसाच्या तोंडचा होता, आणि हे ताट पोट भरलेल्या माणसाने वरचे म्हणून वाढले होते. आईने स्वतःच्या भुकेतला अर्धा झाकला होता. त्या बशीत अन्नाबरोबर भूकही ठेवली जात असली पाहिजे. माझ्या ताटात ती नव्हती. माझ्याकडे ती कधी नव्हतीच. माझ्या वाट्याची आईने आधीच भागवून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्ले नाही. साखरेच्या माणसाने असे करू नये, म्हणून डॉक्टरांना फोन करून गोळीचे विचारून घेतले. कारण सांगितले नाही. दुपारपर्यंत हातपाय गळाले. मग टेबलाशी बसलो, पावाचे दोन भाग केले, एक खाल्ला. दुसरा खाण्याची इतकी इच्छा मला आयुष्यात कशाची झाली नव्हती. तो काट्यावर ठेवला, वाडगा पालथा घातला.

टकटक करायचे राहूनच गेले. त्याआधीच आकडा उतरू लागला. थोडा, आणि थांबा. थोडा, आणि थांबा.

समोर चिमणीने तिचा पाव मोडला होता. एक भाग खाल्ला. दुसऱ्याकडे तिचा हात गेला, क्षणभर वर थांबला, आणि मग तिने तो भाग उचलून लोण्यात बुडवला.

"आज भूक आहे रे," ती भरल्या तोंडानेच म्हणाली. "तू का असा बघतोस? तुला हवंय?"

"नको. खा तू."

*

पुढच्या आठवड्यांत चिमणीचे वजन वाढले, बेताबेताने, डॉक्टरांना हवे तसे. बाळ मागे पडलेले अंतर भरून काढू लागले. डॉक्टरांनी औषधे बदलली होती, विश्रांती सांगितली होती, आहार लिहून दिला होता. श्रेय त्यांना देता येते, आणि मी ते दिले. माझे कपडे ढगळ झाले. प्रयोगशाळेत कुणीतरी म्हणाले, साहेब, प्रमाण वजनासारखी तुमचीही दरवर्षी तपासणी करायला हवी, घटताय तुम्ही. डॉक्टरांनी माझी साखर पाहिली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या. मावशीने मात्र मला पाहिले आणि काही विचारले नाही. फक्त दाराशी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "तुझ्या आईला पुरे झालं की सांगेल ती. थांब मग."

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, रडकी, लालभडक. सिस्टरने तिला काट्यावर ठेवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "साहेब, आधी काटा तपासायचाय?"

"नको," मी म्हणालो. "बाळाकडे बघू."

वजन चांगले होते. आकडा सांगत नाही. चांगला होता एवढे पुरे. पुढे तिला काय होईल याची खात्री कुठलाच काटा देत नाही, पण सुरुवात तिला सरळ मिळाली होती.

चिमणी इस्पितळात होती ते दिवसही मी रोज अर्धा तुकडा काट्यावर झाकत राहिलो. तो आता उतरत नव्हता. सुकायला हवा तेवढाच सुकायचा. बाळ झाल्यावर खाईन, असे आई म्हणाली होती, आणि बाळ झाले होते. मी काटा आवरून कपाटात ठेवला. तुकडा मात्र झाकत राहिलो. सवय म्हणू या.

चिमणी बाळाला घेऊन घरी आली त्या दिवशीही एक झाकलेला होता. खाली यंत्र बंद होते, घर अगदी शांत होते. मी बाळाला खांद्यावर घेऊन पुढच्या खोलीत फेऱ्या घालत होतो. स्वयंपाकघरातून चिनी मातीवर नखाचा आवाज आला. दोनदा.

"चिमणे, तू वाजवलंस?"

"काय वाजवलं?" ती न्हाणीघरातून टॉवेलने हात पुसत बाहेर येत होती. "दादा, जाम भूक लागलीय. पाजलं की पोटात नुसता खड्डा पडतो. काही आहे का?"

मी काही बोलण्याआधी ती आत गेली. मी दारापर्यंत पोहोचलो तेव्हा तिने वाडगा उलटून बाजूला ठेवला होता आणि तुकडा हातात घेतला होता. मला तिला थांबवायचे होते, निदान तुकड्याचे वजन तरी करायचे होते. काटा कपाटात होता, हातात बाळ होते.

ती उभ्यानेच खात होती. घास, मग चावणे, मग घास. शेवटपर्यंत खाल्ला, चुरासुद्धा बोटाने टिपला. मग तिने मोकळ्या बशीकडे जरा चकित होऊन पाहिले.

"हा पाव कुठून आणलास?" ती म्हणाली. "केवढा जड होता रे."